तगरचे कापड आणि भडोचचा मार्ग

दख्खन आणि रोमन साम्राज्य यांच्यामधील प्राचीन व्यापाराचा विचार बहुधा समुद्राच्या बाजूने केला जातो. मोसमी वाऱ्यांचे ज्ञान, इजिप्तमधील बंदरे, सुवर्णनाण्यांचा ओघ यांविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु जहाजात चढणारा माल देशाच्या अंतर्भागातून बंदरापर्यंत कसा येई, आणि त्या वाटेची दिशा कोणत्या कारणांनी ठरे, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. तेरणा नदीच्या काठचा तेर ते निलंगा हा टापू या प्रश्नाच्या विचारास विशेष उपयुक्त आहे.

या व्यापाराचे प्रमुख साधन म्हणजे इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेला 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ होय. दक्षिणापथातील दोन बाजारपेठांना त्याचा कर्ता विशेष महत्त्व देतो. भडोचपासून दक्षिणेस सुमारे २० दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेस सुमारे १० दिवसांवर तगर. पैठणहून अकीक जातीचे दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड व मलमल हा माल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या विस्तीर्ण मुलुखातून भडोचला नेला जाई. तगर म्हणजे कोणते गाव, याविषयी दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी निरनिराळी मते मांडली गेली. १९०१ मध्ये फ्लीट यांनी ते धाराशिव जिल्ह्यातील तेर होय असे दाखविले, आणि १९५८ मधील चापेकर यांच्या उत्खननाने त्या मतास बळकटी आली. अंतराचा हिशेबही याच निष्कर्षास अनुकूल आहे. भडोच ते पैठण हे अंतर सरळ रेषेने सुमारे ३५० किलोमीटर, तर पैठण ते तेर सुमारे १५० किलोमीटर भरते. म्हणजे दिवसाची मजल पहिल्या टप्प्यात सुमारे १७ व दुसऱ्यात १५ किलोमीटर पडते. लादलेल्या बैलगाडीची ही चाल स्वाभाविक आहे.

सागरकिनाऱ्याकडील प्रदेशांतून आलेला मालही तगर येथे जमा होत असे, असे पेरिप्लसकार सांगतो. हा किनारा पूर्वेचा मानला, तर त्या मालाची वाट आजच्या निलंगा तालुक्याकडूनच येण्याचा संभव अधिक. तेर व तेलंगणातील कोंडापूर हे सातवाहनकालीन स्थळ यांस जोडणारी रेषा नकाशावर ओढली असता ती निलंग्याजवळून जाते. केवळ रेषेने मार्ग सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु तेरवरून येणारी तेरणा निलंगा तालुक्यातून वाहत जाऊन मांजरेस मिळते. प्रदेश मोकळ्या पठाराचा असून वाटेत मोठा घाट नाही. शिवाय रोमन नाण्यांच्या धर्तीवर घडविलेली मातीची पदके तेर व कोंडापूर या दोन्ही ठिकाणी आढळली आहेत.

आता समुद्राकडील बाजू पाहावी. तांबड्या समुद्राच्या मुखाजवळील ओकेलिस बंदरापासून मलबारातील मुझिरिसपर्यंतचा प्रवास अनुकूल वाऱ्यात ४० दिवसांत होई, असे प्लिनी सांगतो. दोन खंडांमधील खुल्या सागराचे अंतर ४० दिवसांचे, आणि तेरच्या कापडाला केवळ बंदर गाठण्यास लागणारे दिवस ३०! खंडांमधील अंतर वाऱ्याने कमी केले होते. खुष्कीचा टप्पा मात्र बैलाच्या चालीवरच राहिला होता.

हा टप्पा आखूड करणे अशक्य होते काय? तेरहून पैठणमार्गे कल्याणपर्यंतचे सरळ अंतर सुमारे ३९० किलोमीटर आहे. त्याच चालीने ही वाट सुमारे २३ दिवसांची होते. घाट उतरण्याचा विलंब धरला तरी काही दिवसांची बचत उरते. नाणेघाट तर पहिल्या शतकाच्या पूर्वीपासूनच वापरात होता. भडोचची खाडी गाळाची व भयंकर भरती-ओहोटीची असल्याने राजाने नेमलेले कोळी पुढे जाऊन जहाजे आत आणीत. असे असूनही तगरचा माल भडोचकडे का वळला? उज्जयिनीचा मालही तेथेच उतरत असल्याने भडोचची पेठ मोठी होती, हे एक कारण. परंतु निर्णायक कारण पेरिप्लसमध्येच आहे. कल्याणचा व्यापार सांदनेस याच्या अमलात अडविला गेला होता, आणि तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. भडोचचा स्वामी मांबनस म्हणजे क्षत्रप नहपान, हे मत सामान्यतः मान्य आहे. क्षत्रप व सातवाहन यांच्या संघर्षात बंदराची नाकेबंदी हे एक शस्त्र होते, आणि त्याचा भार तेरणाकाठच्या विणकरावर व गाडीवानावर पडत होता.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये जोगळटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा उठविली आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे व्यापारी दाते म्हणून आढळतात, ते या बंदराच्या भरभराटीचे द्योतक होय.

हाच प्रश्न आधुनिक काळातही निराळ्या रूपाने दिसतो. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला होऊन मुंबई व युरोप यांमधील जलमार्ग आखूड झाला. परंतु निजामाच्या राज्यातील लातूरपर्यंत बार्शी लाइट रेल्वे पोहोचली ती १९११ मध्ये, आणि तीही अरुंद मापाची. तिच्यावरून आलेला माल कुर्डुवाडीस उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे. या मार्गाचे रुंदीकरण २००८ मध्ये पूर्ण झाले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दूरच्या खंडांमधील व्यापार सागराच्या विस्ताराने जितका अडतो, त्याहून अधिक तो बंदरामागील वाटेवर आणि त्या वाटेवरील सत्तांच्या स्पर्धेत अडतो. म्हणून दख्खनच्या सागरी व्यापाराचा इतिहास बंदरांच्या उत्खननांनी पुरा होणार नाही. तेरच्या पूर्वेस निलंगा-बिदरच्या दिशेने जाणाऱ्या जुन्या वाटा, नदीचे उतार आणि पांढरीची टेकाडे यांचे पद्धतशीर सर्वेक्षण हे त्या इतिहासाचे आवश्यक अंग आहे.