माणदेशी महिला सहकारी बँक

सातारा जिल्ह्यात म्हसवड (ता. माण) येथे १९९७ मध्ये सुरू झालेली, महिलांच्या मालकीची सहकारी बँक. ग्रामीण महिलांनी ग्रामीण महिलांसाठी काढलेली देशातील पहिली बँक म्हणून ती ओळखली जाते. संस्थापक चेतना गाला-सिन्हा. भाजी, शेळ्या, शिवणकाम, बांगड्या, खानावळ अशा एकटीच्या हिमतीवर चालणाऱ्या धंद्यांना भांडवल पुरवणे, हे तिचे मुख्य काम.

माण तालुका पर्जन्यछायेचा. माणगंगा नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते आणि दुष्काळ हा इथे पाहुणा नसून घरचाच समजला जातो. मेंढरे घेऊन, ऊसतोडीला किंवा मुंबईच्या गिरण्यांत पुरुष बाहेर पडत. मागे म्हातारी माणसे, पोरे, जनावरे आणि घर चालवणारी बाई राही. रोजगार हमीच्या खडी फोडण्यापलीकडे तिला कमाईचा मार्ग होता तो आठवडी बाजाराचा. उद्योजकता वगैरे शब्द इकडे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या बायका धंदा करत होत्या. अडत होते ते भांडवल.

जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून घडलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या चेतना सिन्हा विवाहानंतर १९८० च्या दशकात म्हसवडला आल्या. बँकेची कल्पना त्यांना सुचली ती एका लोहारकाम करणाऱ्या बाईमुळे. रस्त्याकडेला संसार मांडलेल्या या बाईला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी रोज थोडे पैसे ठेवायला ती बँकेत गेली. कर्ज नव्हे, फक्त खाते हवे होते. तरी रक्कम फार लहान म्हणून तिला परत पाठवण्यात आले. सिन्हा यांनी मग बायकांचीच बँक काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. तो नामंजूर झाला, कारण प्रवर्तक सभासदांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हसवडला साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. दुसऱ्या खेपेला बायका स्वतः अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या की वाचता येत नसेल, पण हिशेब येतो. मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमचे अधिकारी यंत्र न वापरता काढतात का पाहू. परवाना मिळाला. गंमत अशी की नियामक वर्गीकरणात ही बँक ‘नागरी सहकारी’ गटात मोडते.

बँकेचे वेगळेपण तिच्या व्यवहाराच्या रीतीत आहे. भाजीवालीचे भांडवल एका दिवसात फिरते: पहाटे माल उचलायचा, संध्याकाळपर्यंत विकायचा. बाजारातला सावकार हे जाणतो. सकाळी नऊशे रुपये हातावर ठेवून संध्याकाळी हजार मागणारा सावकार दिवसाला शेकडा अकराहून जास्त व्याज घेतो, तरीही बाई त्याच्याकडे जाते, कारण तो पहाटे बाजारात हजर असतो आणि बँक अकराला उघडते. यावर उपाय म्हणून माणदेशीचे प्रतिनिधी वस्तीवर आणि आठवडी बाजारात जाऊन पैसे जमा करू लागले; कर्जेही बाजाराच्या चक्राला धरून देण्यात आली. दुसरा प्रश्न घरातला होता. पासबुक घरात दिसले की नवरा शिल्लक पाहतो आणि मागतो, म्हणून अनेकींना ते घरी न्यायचेच नव्हते. पुढे कार्डाची गोष्ट निघाली तेव्हा सांकेतिक क्रमांकालाही बायकांनी हरकत घेतली: आकडा कोणीही काढून घेईल, अंगठा कोण नेणार? अंगठा ही तोवर निरक्षरतेची खूण होती. या बायकांनी ती तिजोरीची किल्ली केली. बँकेच्या कितीतरी सोयी अशा खातेदारांच्या तक्रारींतून निघाल्या आहेत.

बँकेआधी, १९९६ मध्ये, माणदेशी फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली होती. कर्जाशिवायची कामे तिच्याकडे आहेत. २००६ मध्ये तिने महिलांसाठी उद्योगाची शाळा काढली आणि शाळेपर्यंत येणे जमत नाही म्हटल्यावर ती बसमध्ये घालून गावोगाव नेली. शिवण, हिशेब, संगणक, शेळीपालन हे तिथले विषय. शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे शिक्षण घेतलेल्या बायका वाड्यावस्त्यांवर जाऊन हे काम करतात. २००८ पासून ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्रही चालते.

२०१२ च्या दुष्काळात बायका चाऱ्यासाठी दागिने गहाण ठेवायला येऊ लागल्या. जनावर विकले तर पाऊस पडल्यावर ते परत घेण्याइतका पैसा उरत नाही, हे जाणून संस्थेने म्हसवडला चारा छावणी उघडली. हजारो जनावरे आणि त्यांच्यासोबत कुटुंबे तिथे दीर्घकाळ राहिली. गरिबीतून वर येणे आणि पुन्हा खाली घसरणे यांत इकडे एका कोरड्या हंगामाचे अंतर असते. अशा मुलखात मोडकळीला आलेला धंदा तगवणे हे नवा काढण्याइतकेच मोलाचे.

लहान कर्जांबद्दल गेल्या काही दशकांत फार मोठे दावे झाले. हैदराबादसह सहा देशांतल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले तेव्हा चित्र मवाळ निघाले: कर्जाने काहींचा धंदा वाढतो, पण सरासरी कुटुंबाची मिळकत त्याने पालटत नाही. त्याआधी २०१० मध्ये आंध्र प्रदेशात खासगी सूक्ष्म वित्त कंपन्यांच्या वसुलीवरून इतका असंतोष माजला की सरकारला वटहुकूम काढावा लागला. दोन अभ्यास मात्र माणदेशीच्या अनुभवाशी जुळतात. कोलकात्यात पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी घेतला तेव्हा बायकांनी धंद्यात अधिक पैसा घातला आणि नफाही वाढला. थकबाकीही वाढली, हेही खरे. भारत, श्रीलंका व घाना येथील आकडेवारीवरून २०१९ मध्ये असे दाखवण्यात आले की नवऱ्याचा धंदा असलेल्या घरात बायकोचे भांडवल त्याच धंद्यात जाते, आणि जिथे ती एकटीच धंदा करते तिथे नफा वाढतो. मग पासबुक लपवणारी बाई मागास की व्यवहारी, हे वेगळे सांगायला नको.

मर्यादाही आहेत. यातले बहुतेक धंदे एका बाईच्या दोन हातांपुरते राहतात. दुसरीला कामावर ठेवतील असे थोडे. रस्ता, बाजारपेठ आणि पाणी बँकेच्या हातात नसते. पण कर्जाचा मेळ धंद्याच्या चालीशी घालावा आणि पैसा बाईच्याच हाती राहावा, या दोन बाबतींत माणदेशीने घालून दिलेली रीत मोठ्या बँकांनी अजून नीट उचललेली नाही.

महिलांच्या बँकेचा माणदेशीआधीचा ठळक दाखला अहमदाबादच्या सेवा बँकेचा. १९७४ मध्ये चार हजार कष्टकरी बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून ती काढली. पुढे केंद्र सरकारने मुंबईत १९ नोव्हेंबर २०१३ रोजी भारतीय महिला बँक सुरू केली, तीही एक हजार कोटी रुपयांच्या भांडवलावर. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.