चामखीळ आणि दादीचा केस

लहानपणी माझ्या बोटावर चामखीळ उठली, तेव्हा दादीनं तिला घोड्याच्या शेपटीचा केस करकचून बांधला. ‘जाईल रे बेटा,’ म्हणाली. काही दिवसांनी ती गेली आणि मोहल्ल्यात दादीचा भाव वधारला.

इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकनचंही असंच झालं. तरुणपणी पॅरिसमध्ये त्याचे हात चामखिळींनी भरले. राजदूताच्या पत्नीनं त्यांवर चरबीचा तुकडा चोळून तो दक्षिणेच्या खिडकीत टांगला. पाच आठवड्यांत सगळ्या चामखिळी गायब! ही हकिगत १६२७मध्ये छापली गेली.

सुश्रुतसंहिता मात्र रोखठोक सांगते : शस्त्रानं काढा, क्षारानं वा अग्नीनं डागा. खरं कारण उमगलं ते १९०७मध्ये. इटलीच्या ज्युसेप्पे चुफ्फो यांनी दाखवलं, की चामखिळीच्या गाळलेल्या द्रवातूनही ती पसरते. म्हणजे मूळ विषाणूत.

मुलांच्या पुष्कळशा चामखिळी एकदोन वर्षांत आपोआप जातात. श्रेय मंत्र-तोडग्यांना मिळतं. न गेल्यास सॅलिसिलिक आम्ल किंवा डॉक्टरांकडे द्रवरूप नायट्रोजननं गोठवणं, हे पारखलेले उपाय आहेत. चुना-सोड्यानं कोवळी कातडी जाळू नये. मधुमेहींनी तर घरी प्रयोगच करू नयेत.

दादीच्या केसात गुण होता की नाही, अल्ला जाणे. तिच्या ‘जाईल रे बेटा’मध्ये मात्र होता.