कोठार कोणासाठी?

हुबळी-धारवाडच्या पूर्वेकडील काळ्या रानात पूर्वी गावोगाव पेवे असत. जमिनीत खोल खणून, आतून कडब्याचे अस्तर देऊन आणि तोंड मातीने लिंपून ठेवलेले पेव म्हणजे अवर्षणाच्या वर्षासाठी शेतकऱ्याने केलेली तजवीज. परंतु पेवात जोंधळा असणे निराळे आणि तो भुकेल्याच्या ताटात पडणे निराळे. या दोहोंत केवढे अंतर पडू शकते, याचा दारुण अनुभव या मुलुखाने घेतला आहे. नेमक्या याच अंतराचा विचार सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी यहुदी संदेष्ट्यांनी केला होता.

बायबलच्या जुन्या करारातील अखेरचा ग्रंथ मलाखी या संदेष्ट्याच्या नावाचा आहे. इसवी सनापूर्वी ५१५ च्या सुमारास यरुशलेमचे मंदिर पुन्हा उभे राहिले होते. देशावर इराणच्या सम्राटांचा अंमल होता, पिके हाती लागत नव्हती आणि लोकांची श्रद्धा मंदावली होती. आंधळी, लंगडी जनावरे देवाला अर्पण केली जात. अशी भेट आपल्या सुभेदारापुढे नेण्याचे धाडस कराल काय, असा मलाखीचा सवाल होता. उत्पन्नाचा संपूर्ण दशांश कोठारात आणा, म्हणजे आकाशाची दारे उघडतील, हे त्याचे आश्वासन सर्वश्रुत आहे. मात्र त्याच अध्यायात, या आश्वासनाच्या अगोदर, त्याने एक आरोपपत्र वाचले आहे, त्याचे स्मरण तितकेसे केले जात नाही. मजुराची मजुरी अडवणारे, विधवा आणि अनाथ यांना गांजणारे, परक्याचा न्याय हिरावून घेणारे या सर्वांविरुद्ध देव स्वतः साक्ष देईल, असे तो बजावतो. दान आणि न्याय या दोन गोष्टी त्याच्या दृष्टीने अलग नव्हत्या.

हा संबंध मलाखीने नव्याने जोडलेला नव्हे. ‘अनुवाद’ या ग्रंथातील नियमशास्त्राप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवावयाचा असे. त्यावर हक्क होता तो जमीन नसलेल्या लेवींचा, परदेशीयांचा, पोरक्यांचा आणि विधवांचा. तो बहुतांशी धान्य, द्राक्षारस आणि तेल या रूपाने दिला जाई. सारांश, कोठार भरणे हे जसे देवाचे देणे होते, तसेच ते दुबळ्यांच्या पोटाची तरतूदही होते.

ही तरतूद विसरून केलेल्या दानाची संदेष्ट्यांनी गय केली नाही. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तकोवा गावचा मेंढपाळ आमोस बेथेल येथे गेला. तेथे यज्ञ आणि दशांश यांची रेलचेल होती. आमोसने त्यांची चक्क थट्टा केली. कारण तेच दाते बाजारात माप लहान करीत, ताजवा खोटा ठेवीत, गव्हाची झाडलोट विकीत आणि जोड्याच्या किमतीला गरिबाला गुलाम म्हणून विकत घेत. खोट्या मापाने मिळवलेल्या धान्याचा दशांश देवाला मान्य नाही, हा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ होता.

पुढे इसवी सनापूर्वी ४४५ मध्ये नहेम्या हा यहुद्यांचा सुभेदार होऊन यरुशलेमास आला, तेव्हा दुष्काळाने गांजलेल्या लोकांनी शेते गहाण टाकली होती आणि मुलेमुली दास्यात दिली होती. नहेम्याने सावकारांकडून शेते व व्याज परत करविले आणि बारा वर्षे सुभेदारीचा भत्ता घेतला नाही. काही काळाने मंदिराच्या कोठाराची एक प्रशस्त खोली एका वजनदार माणसाला वापरण्यास दिलेली त्याला आढळली, आणि वाटा न मिळाल्यामुळे लेवी आपापल्या शेतांकडे निघून गेलेले दिसले. त्याने खोली रिकामी करविली आणि वाटपासाठी विश्वासू म्हणून नावाजलेली माणसे नेमली. देणाऱ्याइतकाच वाटणाराही विश्वासू असावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रालाही हा विचार परका नाही. बहामनी काळातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी खुली केली, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कोठार बादशहाचे खरे, पण त्यातले धान्य उपाशी माणसाचे, हा त्या कथेचा गाभा आहे.

धारवाड जिल्ह्यात मात्र अशी दारे वेळेवर उघडली गेली नाहीत. १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला. युद्धाने उजाड झालेल्या या प्रदेशावर पाठोपाठ १७९१-९२ चा घोर दुष्काळ कोसळला. त्यानंतरची मोठी कसोटी १८७६ ते १८७८ या वर्षांत आली. १८७२ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९ लाख ८८ हजार होती. १८८१ मध्ये ती सुमारे ८ लाख ८३ हजारांवर आली. धारवाडास तेव्हा आगगाडी नव्हती. धान्य बैलगाड्यांवरून आणावे लागे. तरीही सगळा दोष वाहतुकीचा नव्हता. त्याच काळात हिंदुस्थानातून परदेशी गहू निर्यात होत होता, आणि व्यापारात हात घालावयाचा नाही, हे सरकारचे धोरण होते.

याहून बोचणारी गोष्ट मजुरीची. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून दुष्काळी कामांवरील मजुरी कमी करण्यात आली. माणशी दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ रोकड, असे तिचे प्रमाण होते. एवढ्यावर कष्टकरी देह टिकणार नाही, असे मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी परखडपणे मांडले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करण्याचे नाकारले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळी जिल्ह्यांतून माहिती मिळवून ती सरकारपुढे ठेवली आणि मजुरांची बाजू घेतली. मजुराचा घास कापून खजिना सांभाळणाऱ्यांविरुद्ध मलाखीने केलेला आरोप येथे अक्षरशः लागू पडतो.

या भूमीला दानाचा दुसरा एक संस्कार मात्र जुनाच लाभला होता. बाराव्या शतकात बसवेश्वर आणि शरणांनी कायक आणि दासोह ही दोन तत्त्वे एकत्र सांगितली. प्रामाणिक श्रमाने मिळवावे आणि मिळवलेले समाजास दास्यभावाने अर्पावे. दासोहात देणारा उच्च आणि घेणारा नीच, असा भेद नसतो. हुबळीच्या सिद्धारूढ मठात चालणारे अन्नदान याच भावनेचे द्योतक होय. धारवाडच्या मुरुघामठात मृत्युंजय स्वामींनी गरीब विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या मोफत प्रसादनिलयामुळे खेड्यापाड्यांतील कित्येक मुलांना शिक्षण घेता आले. यरुशलेम आणि कल्याण यांचा परस्परांशी संबंध आला नव्हता. तथापि श्रमाची शुचिता आणि दानाची निष्ठा एकत्र नांदली पाहिजेत, या निष्कर्षाप्रत दोन्ही परंपरा आल्या.

दुष्काळाने सरकारलाही काही शिकवले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळी संहिता तयार झाली. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने हा प्रदेश देशाशी जोडला, आणि हुबळीचे रेल्वेचे शहर म्हणून नाव झाले. स्वतंत्र भारताने २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने स्वस्त धान्य हा कोट्यवधी लोकांचा कायदेशीर हक्क ठरविला. विधवेचा आणि पोरक्याचा वाटा हा दात्याच्या मर्जीवर अवलंबून नसावा, ही नियमशास्त्रातील कल्पनाच येथे नव्या रूपाने अवतरली, असे म्हणता येईल.

परंतु कायदा कोठारापर्यंत पोहोचवतो. पुढचे काम माणसांचे असते. रेशनच्या दुकानातील ताजवा खरा आहे की नाही, दुष्काळी कामावरची मजुरी वेळेवर आणि पुरती मिळते की नाही, देवस्थानाच्या पेटीतील पैसा निराधारांच्या घरी जातो की नाही, हे प्रश्न आमोसच्या बेथेलात होते तसेच आजही आहेत. कोठारात किती आले, याचा हिशोब सर्वच कारभारी ठेवतात. त्यातून कोणाच्या घरी किती गेले, हा हिशोब मागण्याचे धैर्य संदेष्ट्यांनी दाखविले.