हिंवाळ्यांतील बागा आणि छायाचित्रकार

परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पिंगळी नांवाचें एक स्थानक आहे. निजामाच्या राज्यांतील मनमाड-सिकंदराबाद हा मार्ग इ. स. १९०१ च्या सुमारास पुरा झाला आणि गोदेच्या खोऱ्यांतील काळी जमीन परक्या प्रवाशांच्या नजरेस पडूं लागली. पौषांत मोटारीनें या भागांतून जाणारास ज्वारी, हरभरा व कापूस यांच्या पसाऱ्यांत मधूनच एखादी मोसंबीची बाग दिसते. गळ्यांत कॅमेरा असल्यास गाडी थांबावयाचीच. पश्चिमेस जालना व औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपति संभाजीनगर) या बाजूस बागा वाढतात, द्राक्षांचे मांडवहि दिसूं लागतात.

युरोपांतील द्राक्षवेल या दिवसांत पानें टाकून निजलेली असते. तेथील छायाचित्रकारास नुसत्या काळ्या काटक्या मिळावयाच्या. महाराष्ट्रांत वेलीस ही निद्रा नाहीं. एप्रिलांत खरड छाटणी व आक्टोबरांत फळछाटणी करून शेतकरी तिला जागी ठेवतो, त्यामुळें ऐन थंडींत मांडवाखालीं हिरवे घड लोंबत असतात. कडाक्याचा गारठा मात्र मण्यांस बाधतो, म्हणून पहाटे बागेंत शेकोट्या पेटवितात. त्या धुराचें चित्र सुंदर येतें. बागवानास तें सुंदर वाटत नसावें.

दौलताबादचीं द्राक्षें आजकालचीं नव्हत. चौदाव्या शतकांतील मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता यानें तेथील द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां फळतात अशी नोंद केली आहे. नागपुरी संत्र्याचें रोपहि रघूजी भोसल्यांनीं औरंगाबादेहून नेलें, असें सांगतात.

मग निजामाच्या दरबारचे विख्यात छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांची कीर्ति राजवाडे, शिकारी, लष्कर व प्राचीन इमारती यांच्याच चित्रांवर कां उभी आहे? एक तर चित्राचे पैसे दरबार देई, माळी देत नसे. दुसरें कारण रसायनशास्त्राचें. आरंभीं ओली कांच जागच्या जागीं तयार करून ती वाळण्यापूर्वींच धुवावी लागे, म्हणून छायाचित्रकाराबरोबर काळोखा तंबूहि हिंडे. त्या कांचेवर निळा प्रकाश तत्काळ उमटे, हिरवा व तांबडा जवळजवळ उमटतच नसे. आकाश पांढरें, झाड काळें, आणि पिकलें संत्रें पानांत बुडालेलें! १८७३ मध्यें जर्मन रसायनज्ञ हेर्मान फोगेल यानें विशिष्ट रंगद्रव्यांच्या योगें कांच हिरव्या प्रकाशासहि जाणते हें शोधून काढलें, तेव्हां कोठें पानांस चित्रांत पानपण येण्याची वाट मोकळी झाली.

हल्लींच्या कॅमेऱ्यास ही अडचण नाहीं. अडचण आहे ती चित्र वाचण्याची. आंबे बहार धरावयाचा असेल तर मोसंबीचें पाणी डिसेंबरांत मुद्दाम तोडतात. यास ताण देणें म्हणतात. झाड मलूल होतें, पानें गळतात, आणि जानेवारींत पाणी मिळतांच पालवी व पांढरीं फुलें फुटतात. परंतु विहीर आटलेल्या बागेचेंहि रूप प्रथम असेंच दिसतें. २०१२-१३ च्या अवर्षणांत जालना-औरंगाबाद भागांतील मोसंबीच्या कित्येक बागा वाळून गेल्या, आणि चार-पांच वर्षें जोपासल्यावर फळास येणारीं तीं झाडें मालकांना स्वहस्तें तोडावीं लागलीं. डिसेंबरांतील चित्रांत ताण दिलेली बाग कोणती आणि मरणारी कोणती, हें कांच सांगत नाहीं. तें कळतें जानेवारीच्या अखेरीस. आणि तोंपर्यंत मोटार केव्हांच मुंबईस पोहोंचलेली असते.