ज्वालामुखीवरची नोंदवही

मार्च १९५८. हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांचे यंत्र हवा मोजू लागले. पहिला आकडा आला: दहा लाख भागांत ३१३ भाग कार्बन डायऑक्साइड.

लवकरच आलेखाची लय उमगली. उत्तर गोलार्धातली झाडी उन्हाळ्यात बहरली की आकडा उतरे, हिवाळ्यात पुन्हा चढे. मात्र दर वर्षीची रेघ आधीच्यापेक्षा वरच!

१९६४मध्ये पैशांअभावी मोजणी काही महिने थांबली. २०२२मध्ये लाव्ह्याने रस्ता आणि वीज तोडल्यावर ती तात्पुरती शेजारच्या मौना केआवर हलवली गेली. दरम्यान २०१३मध्ये आकडा प्रथमच ४००वर पोहोचला होता. मे २०२५ची सरासरी ४३०च्या पुढे गेली. उष्णता अडवून धरणाऱ्या या वायूचा मोठा वाटा शतकानुशतके हवेत टिकतो, त्यामुळे धुराडी विझली तरी तापमान लगेच उतरणार नाही.

कीलिंग २००५मध्ये गेले. आता त्यांचा मुलगा राल्फ ही मोजणी पुढे चालवतो.