समाजमाध्यम स्वयंसेवक, जनलोकपाल आंदोलनातील (जळगाव व धुळे)

जनलोकपाल विधेयकाच्या (भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र लोकपालासाठीच्या कायद्याच्या) मागणीचा मजकूर 2011-12 मध्ये मोबाइल व इंटरनेटवरून स्वखुशीने, बिनपगारी पसरवणारे कार्यकर्ते. त्यांत विद्यार्थी, शहरी तरुण व नोकरदार यांचा भरणा अधिक होता. पक्षाचे वा संघटनेचे सभासदत्व लागत नसे. फोन आणि फोनमधली नावे एवढे भांडवल पुरे होई. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 42,29,917 व धुळे जिल्ह्याची 20,50,862 होती.

पूर्वपीठिका : स्वयंसेवकांकरवी गावोगाव प्रचार ही खान्देशात जुनी रीत. काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन डिसेंबर 1936 मध्ये फैजपूर (ता. यावल) येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यासाठी साने गुरुजी खेडोपाडी हिंडले; मुंबईहून ज्योत फैजपूरपर्यंत धावत आणली गेली. पुढे 1938 मध्ये गुरुजींनी अंमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक काढले. आपल्या विषयाच्या संदर्भात अधिक जवळचा दुवा म्हणजे जनलोकपाल आंदोलनाचे नेते अण्णा हजारे यांनी 1991 मध्ये सुरू केलेले भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन.

स्थानिक संदर्भ : जनलोकपालसाठीच्या 2011 मधील दिल्लीतील उपोषणाच्या आठ वर्षे आधीच अण्णांचे नाव खान्देशाच्या राजकारणाशी जोडले गेले होते. ऑगस्ट 2003 मध्ये त्यांनी राज्यातील चार मंत्र्यांविरुद्ध उपोषण केले. चौघांपैकी सुरेश जैन जळगावचे व विजयकुमार गावित नंदुरबारचे (हा जिल्हा 1998 पर्यंत धुळे जिल्ह्याचा भाग होता). उरलेले दोघे नवाब मलिक व पद्मसिंह पाटील. चौकशीसाठी नेमलेल्या न्या. पी. बी. सावंत आयोगाने 23 फेब्रुवारी 2005 रोजी अहवाल दिला. त्यात जैन, मलिक व पाटील यांच्यावर ठपका होता, गावित यांना दोषमुक्त मानले होते. अण्णांच्या संस्थेच्या खर्चावरही आयोगाने बोट ठेवले, ही बाब आंदोलनाच्या प्रचारसाहित्यात सहसा सापडत नाही. जैन व मलिक यांनी मार्च 2005 मध्ये राजीनामे दिले.

याच काळात जळगावचे घरकुल प्रकरण पुढे आले. हुडकोच्या कर्जातून नगरपालिकेने सुमारे 11 हजार घरांची योजना आखली होती. पुरी झाली ती दीड हजारांच्या आसपास. महापालिकेचे तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी 2006 मध्ये फिर्याद दिली. जैन यांना अटक झाली ती मार्च 2012 मध्ये, म्हणजे आंदोलनाची लाट ओसरू लागल्यावर. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 31 ऑगस्ट 2019 रोजी 48 जणांना दोषी ठरवले. त्यांत बहुसंख्य माजी नगरसेवक होते. जैन यांना 7 वर्षे कैद व 100 कोटी रुपये दंड, माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना 5 वर्षे कैद झाली. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले झाली. भ्रष्टाचार हा विषय इथे मेसेजमधून पहिल्यांदा कळला असे नव्हे. तो गावातल्या अर्धवट इमारतींत उभा होता; मेसेजने दिल्लीचा मांडव आणि गल्लीतली तक्रार एका सुरात आणली, असे मानण्यास जागा आहे.

कार्यपद्धती : जनलोकपालसाठी अण्णांचे पहिले उपोषण 5 ते 9 एप्रिल 2011 या काळात दिल्लीत जंतरमंतरवर झाले. आंदोलन चालवणाऱ्या ‘इंडिया अगेन्स्ट करप्शन’ने पाठिंब्यासाठी मुंबईचा एक क्रमांक जाहीर केला. त्यावर मिस्ड कॉल दिला की नोंद होई, आणि पुढे कार्यक्रमांचे एसएमएस येत. पैसे पडत नसत. ‘मिस कॉल दे’ हा व्यवहार आधीच घरोघरी रुळलेला असल्याने शिकवावे काही लागले नाही. स्वयंसेवकाचे काम इथून पुढचे : आलेला मेसेज मराठीत फिरवणे, त्यात गावातील मोर्च्याची जागा व वेळ घालणे, ओळखीच्यांना फॉरवर्ड करणे. बऱ्याच फोनवर देवनागरी उमटत नसल्याने मराठी मजकूर रोमन लिपीत जाई. फेसबुकचा गाजावाजा मोठा झाला, पण 2011 च्या जनगणनेनुसार देशात इंटरनेटसह संगणक असलेली घरे 3.1 टक्के आणि कोणता तरी फोन असलेली 63.2 टक्के होती. जिल्हा पातळीवर खरे वाहन एसएमएसच असणार.

अण्णांना 16 ऑगस्ट रोजी अटक झाली; रामलीला मैदानावरील उपोषण 28 ऑगस्टला सुटले. 27 सप्टेंबर 2011 पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एका सिमवरून दिवसाला 100 एसएमएसची मर्यादा घातली (नंतर 200). नको असलेल्या जाहिराती थांबवणे हा जाहीर हेतू होता. आंदोलनाला वेसण घालण्याचा डाव असल्याची टीकाही तेव्हा झाली.

ब्लॉग प्रकरण : अण्णांचा ब्लॉग पत्रकार राजू परुळेकर सांभाळत. आंदोलनाच्या प्रमुख समितीची पुनर्रचना होणार, असा मजकूर नोव्हेंबर 2011 मध्ये त्यावर आला. अण्णांनी तो आपला नसल्याचे म्हटले, तेव्हा परुळेकरांनी अण्णांच्या हस्ताक्षरातील कागद प्रसिद्ध केला. नेत्याच्या नावे लिहिणाऱ्याचा अधिकार कुठवर, हा प्रश्न तेथेच सोडला गेला.

ओहोटी : डिसेंबर 2011 मधील मुंबईच्या एमएमआरडीए मैदानावरील उपोषणाला अपेक्षेइतकी गर्दी झाली नाही, ते 28 डिसेंबरला आवरते घेतले गेले. त्याच सुमारास व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांचे भ्रष्टाचारविरोधी व्यंगचित्रांचे संकेतस्थळ मुंबई पोलिसांच्या सूचनेवरून बंद झाले. सप्टेंबर 2012 मध्ये त्यांना अटकही झाली. ऑगस्ट 2012 मध्ये प्रमुख समिती विसर्जित झाली, नोव्हेंबरमध्ये आम आदमी पक्ष स्थापन झाला आणि स्वयंसेवकांची फाटाफूट झाली. 

पुढील घडामोडी : आंदोलनातून पुढे आलेल्या अंजली दमानिया यांनी जून 2016 मध्ये महसूलमंत्री एकनाथ खडसे (मुक्ताईनगर) यांच्याविरुद्ध आझाद मैदानावर उपोषण केले; खडसे यांनी 4 जूनला राजीनामा दिला. आरोप त्यांनी नाकारले. एसएमएसची जागा तोवर व्हॉट्सॲपने घेतली होती. 1 जुलै 2018 रोजी राईनपाडा (ता. साक्री, जि. धुळे) येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील होते. अफवा ज्या वाटेने गेली ती हीच, ओळखीच्याकडून ओळखीच्याकडे, विश्वासावर जाणारी वाट होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली.

कायदा : लोकपाल व लोकायुक्त कायदा डिसेंबर 2013 मध्ये संसदेत संमत झाला, पहिले लोकपाल, न्या. पिनाकी चंद्र घोष, मार्च 2019 मध्ये नेमले गेले. राज्याचे नवे लोकायुक्त विधेयक डिसेंबर 2022 मध्ये विधानसभेत व डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेत मंजूर झाले.