नर्सिंग विद्यार्थी आणि वॉर्डातला संसर्ग : सिकंदराबाद

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात रुग्णालयात प्रत्यक्ष काम करताना विद्यार्थ्यांना जडणारे, किंवा जडू शकणारे, संसर्गजन्य आजार. क्षय, कावीळ-ब, इन्फ्लुएंझा, कोविड, कांजिण्या ही त्यांतली नेहमीची नावे. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन आणि बीएस्सीचा चार वर्षांचा. तिन्हींत वॉर्डातल्या पोस्टिंगचा वाटा मोठा असतो. सिकंदराबादेत सरकारी, रेल्वेची, लष्करी आणि खासगी अशी सगळ्या तऱ्हांची रुग्णालये जवळजवळ आहेत. गांधी रुग्णालयाचा उगम १८५१ चा मानतात. त्याचा आजचा मुक्काम मुशीराबादच्या जुन्या तुरुंगाच्या जागेवर आहे. लालागुड्याच्या रेल्वे रुग्णालयाशी मराठवाड्याचा थेट संबंध आहे, कारण नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत मोडतो आणि या रेल्वेचे मध्यवर्ती रुग्णालय तेच. अशा शहरात शिकणाऱ्या मुलीला लागलेला संसर्ग तिचे खासगी दुखणे म्हणून तिच्या फायलीत ठेवला जातो. तो वॉर्डाचे मोजमाप म्हणून नोंदला गेला पाहिजे, असे या नोंदीचे म्हणणे आहे.

या प्रश्नाच्या इतिहासात १८९७ हे वर्ष दोनदा येते. त्या वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबाद छावणीलगतच्या बेगमपेठेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले. पहिली घटना आपण त्याग म्हणून सांगतो, दुसरी शोध म्हणून. शुश्रूषा करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र दुसरीचा अर्थ फार व्यवहारी होता: हिवतापाच्या रोग्याजवळ बसल्याने हिवताप होत नाही, डास चावल्याने होतो. संसर्गाची वाट कळली की भीती आणि काळजी यांतला फरक करता येतो. क्षयाची वाट हवेतून आहे, कावीळ-ब आणि एचआयव्हीची रक्तातून. विद्यार्थिनीचे रक्षण कशाने करायचे हे या वाटेवरून ठरते. तिच्या धैर्यावरून ते ठरवण्याची सवय जुनी आहे आणि अजून पुरती गेलेली नाही.

विद्यार्थिनीच सापडते याची कारणे तिच्या कामातच आहेत. डॉक्टर राउंडला येऊन काही मिनिटांत पुढच्या खाटेकडे वळतो. शिकाऊ नर्सच्या वाट्याला येतात ती रोग्याच्या अगदी निकटची कामे: अंग पुसणे, चादर बदलणे, तोंड स्वच्छ करणे, भरवणे, नेब्युलायझर लावणे, थुंकीचा नमुना घेणे. दर काही आठवड्यांनी वॉर्ड बदलतो, म्हणजे जंतूंचा नवा संच भेटतो आणि हाताची सवय पुन्हा नव्याने बसवावी लागते. वय सतरा ते बाविशीचे, रात्रपाळी, वसतिगृहाचे जेवण, एका खोलीत अनेक जणी. शिवाय खरा धोका क्षय वॉर्डात असतो असेही नाही. तिथे मास्क लागतो हे सर्वांना ठाऊक असते. धोका असतो तो जनरल मेडिसिनच्या खोकणाऱ्या रोग्याकडून, ज्याच्या कागदावर अजून ‘क्षय’ हा शब्द उमटलेला नाही. २०१८ साली कोळिकोडला निपाहची लागण मुख्यतः रुग्णालयांतूनच पसरली, तीही आजाराचे नाव कळण्याआधी. त्या साथीतून वाचलेल्या दोघांपैकी एक नर्सिंगची विद्यार्थिनी होती.

पुरावा जुना आहे आणि दूरचाही. ऑस्लोच्या उलेव्हॉल रुग्णालयात योहानेस हाइमबेक या डॉक्टरांनी १९२४ पासून शिकाऊ नर्सची ट्युबरक्युलिन चाचणी घ्यायला सुरुवात केली. प्रवेशाच्या वेळी जवळपास निम्म्या मुलींत क्षयसंसर्गाची खूण नव्हती. तीन वर्षांनी ती जवळजवळ सगळ्यांत होती, आणि कोऱ्या आलेल्या मुलीच अधिक आजारी पडल्या. त्याआधी बहुतेक डॉक्टर मानत होते की प्रौढाला क्षय होतो तो बालपणीच्या संसर्गातून. भारतात याचे सर्वांत नेटके काम महाराष्ट्रातच झाले. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ७२६ आरोग्यसेवकांची तपासणी होऊन २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सुमारे निम्म्यांत ट्युबरक्युलिन आणि रक्तचाचणी या दोनपैकी किमान एक चाचणी सकारात्मक होती, आणि वय व नोकरीची वर्षे वाढतील तसा संसर्ग वाढत होता. तिथेच २१६ वैद्यकीय व नर्सिंग विद्यार्थ्यांची दीड वर्षाच्या अंतराने पुन्हा चाचणी झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या नर्सिंग विद्यार्थ्यांच्या पाहणीत, जी २०११ मध्ये छापून आली, क्षयसंसर्गाचा वार्षिक धोका ७.८ टक्के निघाला. त्या काळी देशातल्या सर्वसाधारण लोकसंख्येसाठी तो दीड टक्का धरला जाई. संशोधकांना विद्यार्थीच का सोयीचे वाटले, हेही पाहण्याजोगे आहे. विद्यार्थिनी कोणत्या तारखेला आली, कोणत्या वॉर्डात किती आठवडे होती, हे सगळे आधीच लिहिलेले असते. इतके चोख मोजमाप देणारी दुसरी व्यक्ती रुग्णालयात नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की ज्या देशात क्षय गल्लीगल्लीत आहे तिथे मुलीला तो वॉर्डात लागला की वसतिगृहात, बसमध्ये की घरी, हे कोण सांगणार? एका मुलीपुरते ते सांगता येत नाही, हे खरेच. पण आक्षेप एकीला लागू पडतो, शंभरजणींना नाही. बस आणि घर बाहेरच्या समवयस्कांनाही असते. तरी पाचपटीचे अंतर उरते, तेव्हा त्याचे उत्तर रुग्णालयाच्या आवारातच शोधावे लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संसर्ग म्हणजे आजार नव्हे. क्षयजंतू शरीरात शिरलेल्यांपैकी जन्मभरात पाच ते दहा टक्क्यांनाच क्षय होतो, आणि सेवाग्रामच्या कामातूनच पुढे दिसले की रक्तचाचणीचा निकाल एकदा सकारात्मक आला तरी पुन्हा नकारात्मक होऊ शकतो. म्हणून एका चाचणीवरून मुलीच्या कपाळी शिक्का मारणे चूकच. तरी जे आजारी पडतात त्यांतले निम्मे संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत पडतात, म्हणजे शिक्षण चालू असतानाच. वॉर्डाचे मोजमाप म्हणून आकडे वापरायचे असतील तर एकीच्या निकालातली डळमळ फारशी आड येत नाही. तापमापक अर्धा अंश इकडेतिकडे दाखवतो म्हणून ताप मोजणे कोणी सोडत नाही.

रक्तातून येणाऱ्या आजारांबाबत चित्र पुष्कळ स्पष्ट आहे, कारण तिथे घटना दिसते: सुई बोचली. लस न घेतलेल्या माणसाला कावीळ-बच्या अतिसंसर्गक्षम रक्ताची सुई बोचली तर लागण होण्याची शक्यता सुमारे तीस टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. भीती मात्र नेमकी उलट वाटली गेली आहे. एचआयव्हीसाठी ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच, औषध सुरू करून ते २८ दिवस घ्यायचे असते. कावीळ-बच्या लशीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिने असे असतात. हा हिशेब साधा आहे, पण पोस्टिंगचे वेळापत्रक लावताना तो धरला नाही तर पहिल्याच वर्षी इंजेक्शनच्या ट्रेला हात लावणाऱ्या मुलीचा तिसरा डोस अजून बाकी असतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कर्मचाऱ्यांबरोबरच असा कचरा हाताळणाऱ्या इतरांनाही कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस देणे, तसेच वर्षातून एकदा आरोग्यतपासणी करणे बंधनकारक आहे. विद्यार्थिनी त्या ‘इतरां’त बसते, पगारपत्रकात तिचे नाव नाही एवढ्याने ती सुटत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचे निकषही कागदावर उणे नाहीत. वार्षिक तपासणी, लसीकरण, आजारपणात मोफत उपचार आणि प्रत्येक विद्यार्थ्याची आरोग्यनोंद, हे सगळे त्यांत आहे. अडचण त्याच निकषांच्या शेजारी बसली आहे. दीर्घ आजार असलेल्या विद्यार्थ्याने शिक्षण पुढे चालू ठेवावे की नाही, हे संस्थेने ठरवायचे असते. आणि पदवी हाती येण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरून काढावी लागते. दोन आठवडे खोकणाऱ्या मुलीने या दोन वाक्यांतून काय अर्थ काढावा? ती गप्प राहते. तिने लपवलेला खोकला मग पुढच्या वॉर्डात, कर्करोगाच्या किंवा डायलिसिसच्या रोग्यापर्यंत जातो. निकष मुलीच्या भल्यासाठी लिहिले असतील, पण आरोग्यनोंद माणसावारी ठेवल्याने ती मुलीविरुद्धचा कागद ठरू शकते. वॉर्डावारी ठेवली तर ती मुख्यतः वॉर्डाविरुद्धचा कागद होईल.

तेलंगणातला पहिला कोविड रुग्ण २ मार्च २०२० रोजी नोंदला गेला आणि त्याच्यावर गांधी रुग्णालयात उपचार झाले. पुढे सारे रुग्णालयच कोविडसाठी राखले गेले. त्या वसंतात देशभर नर्सिंगच्या मुली घरी धाडल्या गेल्या आणि वर्ग मोबाइलवर भरले. मे २०२१ मध्ये केंद्राने बीएस्सी व जीएनएम उत्तीर्ण नर्सना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड कामाला लावण्याचा निर्णय घेतला, आणि शंभर दिवस पुरे करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य देऊ केले. काल जिला मूल म्हणून घरी पाठवले तिला आज मनुष्यबळ म्हणून बोलावले. सेवाभावाची व्रतस्थ भाषा करणारे म्हणतात, की हा पेशाच असा आहे, धोका नको असेल तर येऊ नये. सैनिकही धोका पत्करतो, पण त्याच्या जखमेची नोंद युद्धखाते ठेवते. दुसऱ्या टोकाचा सल्ला पुतळ्यांवर आणि सिम्युलेशन प्रयोगशाळेत शिकवण्याचा. इंजेक्शन, कॅथेटर, सक्शन यांचा पहिला हात तिथे बसावा हे उत्तमच. पण धाप लागलेल्या माणसाला धरून बसवणे पुतळा शिकवत नाही, आणि अप्रशिक्षित हाताला सुई जास्त बोचते.

राहिला पैशाचा आक्षेप. प्रवेशाच्या वेळी क्षयसंसर्गाची एक चाचणी, मग वर्षाला एक, सोबत कावीळ-बच्या लशीचे तीन डोस आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी, एवढाच हा खर्च आहे. ज्यांच्या चाचणीत बदल दिसेल त्यांचा क्षय नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध देता येते: रोज सहा महिने आयसोनियाझिड, किंवा आठवड्यातून एकदा याप्रमाणे दोन औषधांचे बारा डोस. त्याहून स्वस्त आहे ती खिडकी. उंच छताच्या, समोरासमोर तावदाने असलेल्या जुन्या वॉर्डात हवा आपोआप खेळते. वातानुकूलित बंद खोलीत ती यंत्राने बदलावी लागते, आणि यंत्र बंद ठेवले की वीजबिल वाचते. कोणत्या वॉर्डात किती विद्यार्थिनींची चाचणी बदलली, हे वर्षाकाठी एका कागदावर मांडले तर कोणत्या खोलीची खिडकी आधी उघडायची हे मेट्रनला कोणालाही विचारावे लागणार नाही.